मल्हारीतात्यांना न केलेला हात

आधी माझी चूक सांगतो, मग तात्यांविषयी लिहितो. उलट केलं तर आठवणी सांगता सांगता मी स्वतःला चांगला माणूस करून घेईन आणि चूक कुठल्या तरी वाक्यात उरकून टाकीन. माझा स्वभाव मला माहीत आहे. सहा वर्षांपूर्वी, ऊसगाळपाच्या दिवसांत, बारामती-इंदापूर रस्त्यावर बेलवाडीच्या पुढच्या एका वळणावर मळी सांडली होती. साखर करताना उरणारा तो काळा, दाट, चिकट पाक. डांबरावर पडला की डांबरासारखाच दिसतो. माझी मोटारसायकल तिच्यावरून घसरता घसरता वाचली. पुढं समोरून आलेल्या दोन गाड्यांना मी हातानं ‘हळू जा’ अशी खूण केली. ती माणसं अनोळखी होती. तिसरी गाडी मल्हारीतात्यांची होती. त्यांना मी खूण केली नाही.

तात्या गेल्या महिन्यात गेले. शाळेच्या प्रयोगशाळेत मी परीक्षानळ्या धुऊन उपड्या घालत होतो, तेव्हा गावाहून दादाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा फोन आला. “मल्हारी गेला रं सकाळी,” तो म्हणाला, “झोपंतच.” मग त्यानं विचारलं, “तू येणार हायस का?” गावातला माणूस गेल्यावर असं कुणी विचारत नाही. आमच्या घरात तात्यांच्या बाबतीत ते विचारावं लागलं, त्याचं कारण पुढं येईल. येतो म्हणालो. नळ्या तशाच पाण्यात ठेवल्या आणि निघालो. वाटेत समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला माझा हात आपोआप वर होत होता. कुणी उलटा हात केला, कुणी नाही. निमगाव केतकी ओलांडल्यावर माझ्या लक्षात आलं की मी रडत नव्हतो. घाबरलो होतो. ज्या माणसाला एक गोष्ट सांगायची होती तो गेला, आणि मी सुटलो, असं कुठंतरी आत वाटलं होतं, आणि त्या वाटण्याचीच मला भीती वाटत होती.

मी इंदापुरातल्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे. आमचं गाव बारामतीकडून येताना निमगाव केतकीच्या अलीकडं लागतं. शेती दादा बघतो. मुलींच्या शिक्षणासाठी मी बारामतीत घर केलं आणि रोज मोटारसायकलवरून पन्नास किलोमीटर जायचं, पन्नास यायचं असं सुरू झालं. तात्यांचं नेमकं उलटं. ते गावाच्या फाट्यावर, रस्त्याला लागून राहायचे आणि कामाला बारामतीत जायचे. विहिरीवरच्या मोटारी जळाल्या की त्यांची तार नव्यानं गुंडाळून देणाऱ्या एका दुकानात ते कारागीर होते. म्हणजे सकाळी ते माझ्या घराकडं निघालेले असायचे आणि मी त्यांच्या घरावरून पुढं. पंधरा-सोळा वर्षं आम्ही रोज एकदा, कधी संध्याकाळी दुसऱ्यांदा, दोन-तीन सेकंद भेटायचो. रस्त्यावरच्या त्या भेटींची सगळी बेरीज केली तर ती काही तासांची भरेल. तरी मला त्यांच्याइतकं जवळचं दुसरं माणूस झालं नाही.

ओळख गावामुळं होतीच, पण मैत्री झाली ती माझ्या गाडीच्या स्टँडमुळं. बारामतीहून ये-जा सुरू केली त्या वर्षी एके सकाळी लासुर्ण्याच्या पुढं समोरून एक काळी जुनी गाडी आली आणि तिच्यावरचा माणूस स्वतःच्या टाचेकडं बोट दाखवत ओरडत गेला. मला वाटलं, वेडा आहे. मागून हॉर्न ऐकू आला. तो माणूस गाडी वळवून माझ्यामागं आला होता. “आरं आप्पाचा वसंता न्हवं तू? स्टँड वर घे की! वळणाव आपटला आस्तास म्हंजी थेट आप्पालाच निरोप द्यावा लागला आस्ता.” मी खाली बघितलं. बाजूचा स्टँड तसाच उघडा. मी ओशाळून आभार मानले तर म्हणाले, “आभार ऱ्हाऊ दे. टाचंकडं बोट दावलं की स्टँड, येवढं ध्येनात ठेव. शाळंत शिकिवत न्हाईत काय?” मी म्हटलं, मी शिक्षक नाही, प्रयोगशाळेत असतो. “मग तर बरंच हाय,” ते म्हणाले, “तुला निदान करून बघायची सवय आसंल.”

त्यानंतर कधीमधी टपरीवर चहाला थांबून त्यांनी मला त्या रस्त्याची सगळी भाषा शिकवली. बोटं मिटून-उघडून दाखवली म्हणजे दिवा दिवसाढवळ्या चालू राहिलाय. खांद्यापाशी बोट फिरवलं म्हणजे मागं बसलेल्या बाईचा पदर चाकाकडं चाललाय. तळहात खाली करून हवा दाबल्यासारखी केली म्हणजे पुढं काहीतरी आहे, हळू जा. मग ते काहीतरी उलटलेली उसाची ट्रॉली असो की रस्त्यात बसलेली म्हैस. डोक्यावर टपली मारली म्हणजे पुढं पोलीस हेल्मेट तपासतायत. ही शेवटची खूण तात्या स्वतः कधी करायचे नाहीत. “त्यो काय खड्डा हाय व्हय? पोलीस भेटला तर टकुरं शाबूत ऱ्हाईल त्याचं. भेटू दे की,” असं त्यांचं म्हणणं. एकदा मात्र गंमत झाली. एका पोलिसाच्याच गाडीचा स्टँड खाली होता आणि तात्यांनी त्याला टाचेकडं बोट दाखवलं. पोलिसाला वाटलं, हा आपल्याला लाथ दाखवतोय. त्यानं पाठलाग करून तात्यांना अडवलं. “मग?” मी विचारलं. “मग काय, त्यो उतराया गेला आन त्येचाच पाय स्टँडात आडाकला. म्हणला, जावा तुमी.” हे सांगताना ते इतके हसले की टपरीवरचा चहा त्यांच्या सदऱ्यावर सांडला.

आणि या सगळ्यांच्या आधी, काहीच सांगायचं नसलं तरी करायचा तो नुसता हात. डावा हात हँडलवरून दोन वीत वर उचलायचा आणि परत ठेवायचा. ओळख असो-नसो, मोटारसायकलवाल्यानं मोटारसायकलवाल्याला करायचा. तात्यांचे वडील मेंढरं राखायचे, आठ-आठ महिने बाहेर असायचे. ते सांगायचे म्हणे, माळावर दोन कळप लांबून एकमेकांना दिसले की मेंढके आधी हात वर करतात. मग काठीनं दाखवतात, इकडं पाणी आहे, तिकडं पीक उभं आहे, जाऊ नका. “भांडाण आसलं तरी करायचा,” तात्या म्हणाले होते. “जित्राबांचं काय भांडाण आस्तंय? माणसाचा राग माणसाव. वाट सांगायची ती सांगायचीच.” हे वाक्य मी त्या वेळी कौतुकानं ऐकलं. घरी येऊन बायकोला सांगितलंसुद्धा.

आम्ही कुठं भेटतो यावरून मला वेळ कळायची. लासुर्ण्याच्या पुढं भेटलो तर मी वेळेवर, बेलवाडीलाच तात्या समोर आले तर मला उशीर झालेला. मग ते हात करायच्या ऐवजी मनगटावर बोट आपटून दाखवायचे आणि मान हलवत निघून जायचे. आमचे वडील, आप्पा, वारले तेव्हा मी पंधरा दिवस रजेवर होतो. सोळाव्या दिवशी निघालो. लासुर्ण्याच्या पुढं तात्या गाडी बाजूला लावून, पलीकडच्या कडेला उभे होते. मी थांबलो. रस्ता ओलांडून आले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “मोकळा मोकळा वाटला रं रस्ता.” एवढंच. आप्पांच्या मागं मला भेटायला शेकडो माणसं आली, पण कोण काय बोललं यातलं मला दुसरं काही आठवत नाही.

मग गावच्या सोसायटीची, म्हणजे शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेची, निवडणूक आली. बाहेरच्या माणसाला ती किरकोळ वाटेल. गावात तसं नसतं. दोन पॅनेल पडली की चहाच्या टपऱ्या वाटल्या जातात, लग्नातल्या पंगती वाटल्या जातात, आणि कोण रस्त्यात कुणाला हात करतो हे लोक मोजायला लागतात. दादा तीन वेळा संचालक होता, चौथ्यांदा उभा राहिला. समोरच्या उमेदवाराच्या अर्जावर सूचक म्हणून तात्यांची सही होती. त्यांनी ते लपवलं नाही. अर्ज भरायच्या आदल्या दिवशी घरी येऊन दादाला तोंडावर सांगून गेले, “माणूस तू चांगला हायस. पर तीन डाव झालं. आता दुसऱ्याला बसू दे जरा.” दादा तीन मतांनी पडला. त्या आठवड्यात मी गावी गेलो, तर जेवताना दादा ताटावरून मान वर न करता म्हणाला, “मल्हारीला अजून हात करतोस म्हणं रस्त्यात?” मी म्हटलं, अरे, तो रस्त्यातला हात आहे, त्यात काय! “व्हय, रस्त्यातलाच. रस्त्यात लोकं बघत्यात. लोकं म्हणत्यात, सख्खा भाऊबी त्याच्या पॅनेलात हुता.”

मी दादाशी भांडायला हवं होतं. आप्पांच्या मागं त्यानं माझं सगळं केलेलं, त्याची पडलेली मान मला बघवेना, हे खरं. पण खरं एवढंच नाही. मलाही राग आला होता. पराभवाचा नव्हे, तर तात्यांनी ते इतक्या सरळपणे केलं याचा. दुसऱ्या दिवशी ते समोरून आले, हात वर केला. मी आरसा नीट करण्याचं निमित्त केलं. तिसऱ्या दिवशी निमित्तही केलं नाही, सरळ पुढं बघत गेलो. मला वाटलं होतं, चार-आठ दिवसांत तेही बंद करतील आणि माझी सुटका होईल. त्यांनी बंद केलं नाही. चार महिने, रोज, त्यांचा हात वर व्हायचा. एकदा तर त्यांनी गाडी कडेला घेऊन “वसंता, आरं थांब की, येक सांगायचंय,” अशी हाक मारली. मी वेग वाढवला. काय सांगायचं होतं ते मला आजही माहीत नाही.

त्या सकाळी वळणावर माझं मागचं चाक एकदम सरकलं. डावा पाय टेकला, गाडी कशीबशी सावरली, बूट चिकटून सुटला. मळी कुठल्या तरी टँकरमधून गळली असावी. वळणाच्या आतल्या बाजूला लांबच लांब पट्टा होता.  एक किलोमीटरभर पुढं गेलो तर समोरून दुधाच्या किटल्या अडकवलेला एक माणूस आला. मी तळहातानं हवा दाबली. त्यानं मान हलवली. त्याच्यामागं थोड्या अंतरानं स्कूटरवर एक नवरा-बायको. त्यांनाही केलं. मग शंभरेक पावलांवर ती काळी गाडी. माझा डावा हात अजून हवेतच होता. तो मी उतरवून हँडलवर ठेवला... तात्यांनी नेहमीप्रमाणे हात वर केला. आम्ही एकमेकांजवळून गेलो. त्यांना दिसेलच, मुरलेला गाडीवान आहे, असं मी त्या क्षणी स्वतःला सांगितलं, असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. पण तसं झालं नव्हतं. त्या क्षणी माझ्या मनात दोनच शब्द आले होते. ‘बघ आता.’ त्यांचा जीव जावा, हाड मोडावं, असं काही माझ्या मनात नव्हतं. थोडं घसरावं, फजिती व्हावी, इतकंच असेल. पण ते दोन शब्द माझेच होते. मी आरशात बघत राहिलो. ते लहान होत गेले, झाडांआड गेले. मी गाडी वळवली नाही.

दुपारच्या सुट्टीत दादाचा फोन आला. तात्या वळणावर घसरले होते, डाव्या मांडीचं हाड मोडलं होतं, बारामतीच्या दवाखान्यात होते. “जाऊन ये,” दादाच म्हणाला, “कायबी झालं तरी गावचा माणूस हाय.” शाळा सुटल्यावर मी थेट तिकडं गेलो. वळणावर कुणीतरी माती पसरली होती. तात्या खाटेवर होते, पाय लाकडी फळीला बांधलेला, शेजारी त्यांची बायको, सुलावहिनी. मला बघून त्यांचा चेहरा उजळला, मग त्यांची नजर खाली माझ्या पायांकडं गेली आणि तिथं थोडी थांबली. मला वाटलं, गुंगीत असतील. वहिनी काहीतरी बोलायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. मी म्हणालो, “कसं काय झालं, तात्या?” हा प्रश्न मी विचारला. माझ्या तोंडून तो निघाला. ते म्हणाले, “मळी हुती. दिसली न्हाय.”

हाडात सळई बसली, पण पाय पूर्वीसारखा झाला नाही. मोटारसायकलचा गिअर डाव्या पायानं टाकायचा असतो. तो पाय तेवढा वळेना. गाडी विकली. बारामतीचं काम सुटलं. घराला लागून पत्र्याचं शेड काढून त्यांनी तिथंच वाइंडिंग सुरू केलं, आणि मोटार उघडून बसायचे ते रस्त्याकडं तोंड करून. जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांना बसल्या जागेवरून खुणा करायचे. कुणाचा दिवा, कुणाचा स्टँड. मी आठ-पंधरा दिवसांनी थांबायला लागलो. संध्याकाळी चहा घेऊन पुढं जायचं. निवडणूक सगळेच विसरले होते. दादाही पुढं मोटार दुरुस्तीला त्यांच्याकडंच न्यायला लागला, आणि गावात माझं कौतुक व्हायचं की वसंता मल्हारीची किती विचारपूस करतो. सुलावहिनी चहा आणून समोर ठेवायच्या आणि आत जायच्या. त्या अबोलच आहेत, असं मी समजत होतो. तीन-चार वेळा मी सुरुवात केली. “तात्या, त्या दिवशी...” असं म्हटलं की ते तांब्याच्या तारेवरून नजर न काढता म्हणायचे, “मळी कुणी सांडली त्येला आता हुडकायचा काय? चा घे, निवतोय.” आणि मी चहा घ्यायचो. ते मला सोडवत होते, की मी त्यांना ओलांडून पुढं बोलतो का हे बघत होते, याचा विचार मी आता करतो. तेव्हा मला फक्त हायसं वाटायचं.

शेवटची भेट त्यांच्या जाण्याआधी तीन आठवड्यांची. तब्येत उतरली होती, धाप लागायची. शेडमध्येच खाट टाकलेली. रस्त्याकडं बघत म्हणाले, “हल्ली कोण हात करीना झालंय. सगळ्यांच्या कानात गाण्याची बोंडं. म्या दावतोय टाच, आन त्येंला वाटतंय म्हातारा नाचतोय.” मी हसलो. मग त्यांनी विचारलं, “तू करतोस का?”

“करतो की, तात्या.”

“समद्यांला?”

मी त्यांच्याकडं बघितलं. ते माझ्याकडंच बघत होते. रागानं नाही... काहीतरी वाट बघितल्यासारखं. एवढी उघडी जागा त्यांनी मला सहा वर्षांत कधी दिली नव्हती. मी म्हणालो, “सगळ्यांना.” त्यांनी मान हलवली आणि कुशीवर वळले. “जा मग,” म्हणाले, “आंधार पडंल.”

त्यांच्या दहाव्याला नीरेच्या काठी आम्हा गावकऱ्यांना ठाऊक नसलेली सात-आठ माणसं आली होती, मोटारसायकलींवर. एक जण अंथुर्ण्याचा दूधवाला होता. तो मला म्हणाला, “नाव म्हाईत नव्हतं बगा मला. शेडात बसून हात करणारं बाबा म्हणायचो. चार दिस हात दिसंना, म्हून इचारलं.”  माणसं येत होती, तात्यांनी कुणाला कसं वाचवलं ते सांगत होती, आणि सगळ्यांत जवळचा म्हणून मला पुढं बसवलं होतं.

त्यानंतर दोन आठवडे मी त्या शेडवरून रोज गेलो आणि थांबलो नाही. तिसऱ्या आठवड्यात एका रविवारी, कामासाठी नव्हे तर केवळ त्यासाठी, बारामतीहून निघालो. सुलावहिनी दारात बसून शेंगा फोडत होत्या. मी समोर बसलो. त्या चहाला उठल्या नाहीत. मी मनात सगळी तयारी करून आलो होतो, आणि तरी तोंडातून आलं ते असं: “वहिनी, एक सांगायचं होतं. तात्या पडले त्या दिवशी मी त्यांना वाटेत भेटलो होतो. मळी आहे हे मला माहीत होतं. खूण करायची राहून गेली.”

त्यांनी शेंग फोडली. दाणे सुपात टाकले, टरफल बाजूला टाकलं. मग म्हणाल्या, “राहून गेली व्हय?”

मी पायाजवळचं एक टरफल उचललं.

“दवाखान्यात आलता तवा तुमच्या पँटीला डाव्या अंगानं गुडघ्यापातुर मळी हुती,” त्या म्हणाल्या. “मी म्हणणार हुते, पाणी देती, धुवा. ह्यांनी मला डोळ्यानं गप केलं. तुमी गेल्याव मी इचारलं, तर म्हणलं, ‘वसंता त्याच वाटंनं आलाय, माझ्या आदी. त्येला ठावं हुतं.’ बास. परत कदी त्यावं बोलायचं न्हाय, म्हणलं. मलाबी बोलू दिलं न्हाय.”

 रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गाणी वाजवत गेला आणि त्याचा आवाज पूर्ण जाईपर्यंत त्या थांबल्या.

“सा वर्सं तुमाला चा दिला, भावजी. दर खेपंला वाटायचं, आज बोलतील. तुमी कप खाली ठेवायचा आन उठायचा. ह्यांना म्हणायची मी, तुमी तरी काढा की त्यो इशय. तर म्हणायचं, ‘त्येचं त्येनं काढावं. माझ्या तोंडनं निघालं तर त्येला माझं तोंड परत बघवायचं न्हाय.’ शेवटल्या भेटीत काढला बी. तुमी गेल्याव ह्या कडंला तोंड करून पडलं, जेवलं न्हाईत.”

“वहिनी, माफ...”

“थांबा,” त्या म्हणाल्या. “माफ त्येनी कवाच केलं आसंल. त्येंचा सोभावच तसा हुता. मी केलं न्हाय आजून. करीन का न्हाय, ते माझं मी बघीन, त्येची घाई तुमी करू नका. पर राहून गेली म्हणू नका माझ्या दारात. काय झालं ते सांगा. येकदा तरी कुनाच्या तरी तोंडनं मला ते ऐकायचं हाय.”

मी उकिडवा बसलो होतो, तो मांडी घालून नीट खाली बसलो. त्यांनी सूप बाजूला सारलं आणि पदरानं हात पुसून माझ्याकडं बघितलं. मग मी दुधाच्या किटल्यांचा माणूस सांगितला, स्कूटरवरचं जोडपं सांगितलं, हवेतला हात खाली उतरवून ठेवला ते सांगितलं. ‘बघ आता’ हेही सांगितलं.  आणि शेवटी जे तात्यांना सांगायला हवं होतं, ते मी त्यांच्या दारात, त्यांच्या बायकोला सांगितलं: “वहिनी, विसरलो नव्हतो. अनोळखी माणसांना हात केला. तात्यांना ओळखलं, म्हणूनच केला नाही. माझं चुकलं.”